सहाशे पंचवीसचा डबा

आमच्या सांगलीच्या घरी एक डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र कधीच उडून गेलेला. कुठल्याशा दिवाळीत कुणीतरी दिलेली बिस्किटं संपली आणि अण्णांनी तो ताब्यात घेतला. तेव्हापासून पंधरा-वीस वर्षं तो त्यांच्या कपाटात, पासबुकांच्या शेजारी, मुक्काम ठोकून होता. आत गोळ्या. सगळ्या उरलेल्या. कुणाच्या दाढेच्या, कुणाच्या घशाच्या, कुणाच्या टाक्यांच्या. घरात कुणी दोनदा शिंकलं की अण्णा उठायचे, चष्मा लावायचे, डबा उघडायचे आणि कातरीनं कापलेली एक गोळी काढून द्यायचे. "घे. सहाशे पंचवीस आहे. उद्या टणटणीत होशील."

आणि गंमत म्हणजे माणूस व्हायचाही टणटणीत! सर्दी ती. तिला काही न देताही ती आठवड्यात जातेच. पण श्रेय डब्याला.

मी साताऱ्याला राहते, लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर साताऱ्याहून कंदी पेढे जातात आणि सांगलीहून भडंग येतं, हे आमच्या सगळ्याच नातेवाईकांना माहीत आहे. या देवाणघेवाणीत गोळ्याही असायच्या, हे मात्र आज कबूल करते. ह्यांची दाढ काढली तेव्हा उरलेल्या चार गोळ्या मीच पेढ्यांच्या पुड्याबरोबर पाठवल्या होत्या. वर फोन करून सांगितलं, "अण्णा, चांगल्या महागाच्या आहेत हो, जपून ठेवा." हा सगळा खटाटोप आज लिहितेय तो म्हणूनच. डबा अण्णांचा असला तरी भरणा आमचा होता.

आधी या सहाशे पंचवीसबद्दल थोडं. कारण मलाही गेल्या वर्षापर्यंत हा आकडा म्हणजे गोळीची 'पावर' वाटायची. पाचशेपेक्षा सहाशे पंचवीस भारी आणि हजारची तर मग विचारायलाच नको! पण तसं नाहीये ते. ती बेरीज आहे. ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. हजारची गोळी असते तीही ८७५ अधिक १२५. आणि ३७५ ची असते ती २५० अधिक १२५. म्हणजे पहिला आकडा बदलतो, दुसरा तोच. म्हणूनच घरात ३७५ च्या असल्या तर 'दोन घेऊ, झालं काम' हा हिशोब चुकतो. त्यात दुसरं औषध दुप्पट पोटात जातं आणि मग पोट आपल्याला त्याची आठवण करून देतं.

हे दुसरं औषध असतं कशाला? ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. जंतू स्वतःभोवती जी भिंत बांधतो, ती त्याला नीट बांधू द्यायची नाही, हे या घराण्याचं काम. पण काही जंतू एक विकर तयार करतात, जे पेनिसिलिनलाच कापून टाकतं. आणि हे विकर काही अलीकडचं नाही बरं का. १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन लोकांना सर्रास मिळायला लागण्याच्याही आधी, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी ते नोंदवून ठेवलं होतं. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांना एका मातीतल्या जंतूत सापडलं, आणि १९८१ साली ही जोडगोळी 'ऑगमेंटिन' नावानं तिथे बाजारात आली. आता आपल्याकडे ती किती नावांनी मिळते याची गणती नाही.

मला हे समजलं ते आपल्या लग्नघरावरून. लग्नात एक रुसणारा पाहुणा असतो की नाही, जो ऐन मुहूर्ताला काहीतरी मोडता घालणार हे सगळ्यांना माहीत असतं? मग घरातली शहाणी माणसं काय करतात, तर एका गप्पिष्ट काकांना त्याच्या शेजारी बसवून देतात. काका त्याला असे गुंतवतात की तोवर इकडे अक्षता पडून पंगती उठतात. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड म्हणजे ते काका. स्वतः वाढपाला येत नाहीत, जंतू फारसे मारत नाहीत. त्या कापणाऱ्या विकराला धरून बसतात, तेवढ्यात ॲमॉक्सिसिलिन आपलं काम उरकतं.

पण रुसणारे दहा निघाले तर? किंवा काकांना दाद न देणारा एखादा निघाला तर? ते पुढे येईलच.

तर ही गोळी वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट. तीन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांना कुत्रं चावलं. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला गेले होते बाप-लेक, उतरताना एका भटक्या कुत्र्यानं पंजाच धरला. घरी आले तेव्हा रुमाल लाल झालेला आणि दोघांचे चेहरे पांढरे. डॉक्टरांनी आधी काय केलं असेल? नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं हात धुवायला लावला. मग रेबीजची लस, जखमेतलं इंजेक्शन, धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि मग चिठ्ठीवर लिहिली ती हीच जोडगोळी. मी भीत-भीत विचारलं की साधी नाही का चालणार? तर म्हणाले, "कुत्र्याच्या तोंडात नाना तऱ्हेचे जंतू असतात. त्यातले काही साध्याला दाद देत नाहीत. इथे हीच लागते." किती दिवस, दिवसातून कितीदा, हे लिहून दिलं. जेवण सुरू करताना घ्यायची म्हणजे पोट कमी बिघडतं, हेही सांगितलं. तरी एक दिवस बिघडलंच. पण हात भरून आला. आज त्याच हातानं तो बॅट धरतो.

तेव्हा अण्णांचा फोन आला होता. नातवाची चौकशी झाली, कुत्र्याला शिव्या घालून झाल्या, आणि मग, "उरल्या का गं काही?"

"नाही उरल्या, अण्णा. मोजूनच दिल्या होत्या."

"बरं बरं," म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती, खोटं कशाला सांगू.

आता गेल्या वर्षीचा श्रावण. अण्णा एकोणऐंशीचे. प्रोस्टेटचा त्रास जुनाच. लघवीला जळजळ सुरू झाली, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थंडी वाजून ताप आला, तेही सांगितलं नाही. डबा होता ना! दोन दिवस त्यातल्या गोळ्या घेतल्या, ताप उतरल्यासारखा झाला, मग 'उगाच कशाला' म्हणून बंद केल्या. पाचव्या दिवशी पहाटे दादाचा मला फोन, "अण्णा बरळतायत. मला ओळखत नाहीयेत."

साताऱ्याहून सांगली मी आयुष्यात शेकडो वेळा केली असेल. कराड, पेठ नाका, आष्टा... दर वेळी पटकन येणारी ही गावं त्या दिवशी येता येईनात.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांना ठेवलं होतं. मिरज म्हणजे आमच्या भागातल्या माणसांची शेवटची आशा, ती काही आजची नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून लांबलांबून बैलगाड्या, मग आगगाड्या आणि आता ॲम्ब्युलन्स त्या गावाकडेच धावतात. डॉक्टर तरुण होते, शांत होते. लघवी तपासायला आणि कल्चरला गेली होती. त्यांनी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत यांनी कोणकोणती अँटिबायोटिक्स घेतली आहेत?"

मी दादाकडे बघितलं, दादानं वहिनीकडे, वहिनीनं आईकडे. आई म्हणाली, "डब्यातल्या."

डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. "कुठल्या डब्यातल्या?"

दादा घरी जाऊन डबा घेऊनच आला. हॉस्पिटलच्या त्या निळ्या चादरीवर तो उपडा केला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा तुकडे निघाले. काहींवर नावाचं अर्धं अक्षर, काहींवर तारीख कापली गेलेली. सहाशे पंचवीस होत्या, जुलाबाला देतात त्या दोन औषधांच्या एकत्र गोळ्या होत्या, आणखी दोन-तीन प्रकारच्या होत्या. त्यातला एक तुकडा ह्यांच्या दाढेचा. मी पाठवलेला. मी तो ओळखला.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एक-एक उचलून बघत म्हणाले, "ही मुदत संपून चार वर्षं झालेली. आणि हे क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दमट हवेत लवकर खराब होतं, म्हणून तर एवढ्या जाड वेष्टनात येतं. यात आता काय उरलंय, देव जाणे."

कल्चरचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ज्यांनी कधी तो बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यात जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची यादी. प्रत्येकासमोर एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे नाही. दहावीच्या निकालासारखा तो कागद मी वाचत गेले. जंतू ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यात बिऱ्हाड करून राहणारा, बहुतेकदा निरुपद्रवी. आणि खाली आर, आर, आर. आमच्या सहाशे पंचवीससमोर आर. तोंडानं घ्यायच्या जवळजवळ सगळ्यांसमोर आर. रुसणारे दहा निघाले होते आणि काका एकटे पडले होते.

शेवटी शिरेतून द्यायचं मेरोपेनेम लागू पडलं. दर आठ तासांनी. दहा दिवस. अण्णांच्या हातावर शिर सापडेना, तेव्हा नर्सबाई "आजोबा, जरा मूठ आवळा हं" म्हणायच्या आणि अण्णा डोळे मिटून मूठ आवळायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. "कधी आलीस?" म्हणाले. हुश्श!

मी डॉक्टरांना एकदा गाठून विचारलंच. हे सगळं त्या डब्यामुळे झालं का? त्यांनी जे सांगितलं ते इथे प्रामाणिकपणे लिहिते, कारण गोष्ट रंगवायला सोपी आहे. ते म्हणाले, असं एका माणसाच्या बाबतीत कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. असे जंतू पाण्यातून येतात, अन्नातून येतात, एकाचे दुसऱ्याला लागतात. पण वारंवार अँटिबायोटिक घेतली की पोटातले साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळतं, शक्यता वाढते, हे नक्की. आणि डब्यातल्या गोळ्यांनी दोन दिवस ताप दबला, तेवढा उशीर झाला, हेही नक्की. वर म्हणाले, "कल्चरच्या आधी अर्धवट गोळ्या पडल्या की कधीकधी जंतू उगवतच नाही. तुमच्या नशिबानं उगवला."

घरी आल्यावर साहजिकच अण्णांना सगळ्यांनी फैलावर घेतलं. मीही. ते गप्प ऐकत राहिले. रात्री आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "त्यांना बोलू नकोस गं. तुला त्यांची माई माहीत नाही."

माई म्हणजे अण्णांची मोठी बहीण. माझी आत्या, जी मी कधी पाहिली नाही. तासगावकडच्या आमच्या मूळ गावी, १९५१ च्या सुमारास, आठ वर्षांच्या माईच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, पू झाला, ताप चढला. गावात कुणाला तरी माहीत होतं की पेनिसिलिन नावाचं इंजेक्शन असतं. पण ते सांगलीला मिळेल की मिरजेला, किती पैसे पडतील, हे कळेपर्यंत आठ दिवस गेले आणि माईही गेली. पाच वर्षांचे अण्णा उंबऱ्यात बसून होते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला तो १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि युनिसेफच्या मदतीनं. तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. माईला तीन-चार वर्षं उशीर झाला.

आता सांगा, ज्या माणसानं औषध नसल्यामुळे बहीण गेलेली पाहिली, तो औषध टाकून कसं देईल? आमच्याकडे ताटात भाताचं शीत टाकलेलं अण्णांना चालत नाही, तिथे गोळी! डबा म्हणजे त्यांचा कंजूषपणा नव्हता, अडाणीपणाही नव्हता. पुन्हा कुणाच्या पायात काटा मोडला तर घरात काहीतरी असावं, एवढंच होतं ते. हे कळल्यावर माझा राग गेला. पण मत बदललं नाही. उलट जास्त पक्कं झालं.

माझं मत असं आहे. गोळी घराची नसते. गोळी आजाराची असते. ज्या माणसाला, ज्या दुखण्यासाठी, जितके दिवस लिहून दिली, तेवढीच ती औषध. त्याच्या बाहेर ती पडली की तिला नावही उरत नाही, अर्थही उरत नाही. डब्यातल्या क्रोसिनचं आणि डब्यातल्या सहाशे पंचवीसचं एकच मोजमाप नाही. मी क्रोसिन चुकीची घेतली तर जे काय व्हायचं ते माझं होईल. अँटिबायोटिक चुकीची घेतली तर त्याचे परिणाम माझ्यापाशी थांबत नाहीत. हे सांगायला मी काही पहिली नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनीच १९४५ साली नोबेल स्वीकारताना सांगून ठेवलं होतं की हे औषध दुकानात कुणालाही मिळायला लागेल, लोक अपुरा डोस घेतील आणि जंतूंना त्याची सवय करून देतील. ऐंशी वर्षं होऊन गेली!

"मग काय, कोर्स पूर्ण करायचा, एवढंच ना?" असं आमच्या एका नातलगांनी मला लगेच ऐकवलं. तेवढंच नाही. ठरलेल्या दिवसांआधी मनानं थांबवायची नाही हे खरंच. पण किती दिवस घ्यायची, हेही आता पूर्वीसारखं ठोकळेबाज राहिलेलं नाही. बऱ्याच साध्या संसर्गांना थोडे दिवस पुरतात असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे, आणि जास्त दिवस घेतल्यानं नुकसानच होऊ शकतं. म्हणजे दिवस डॉक्टरांनी ठरवायचे, बरं वाटलं तर त्यांनाच विचारायचं, आणि पट्टी तेवढीच मोजून आणायची. उरलीच नाही तर डबा भरणार कशानं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. जतच्या किंवा खटावच्या एखाद्या वाडीवरच्या माणसानं काय करायचं? डॉक्टरकडे जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं, तपासणीची फी. त्यापेक्षा मेडिकलवाल्याला सांगितलं की तो दोन गोळ्या कापून देतो. त्या माणसाला मी इथे साताऱ्यात पंख्याखाली बसून काय शिकवणार? पट्टीवर लाल उभी रेघ असते, तिचा अर्थ 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका', हे सरकारनं २०१६ मध्ये जाहिराती करून सांगितलं. त्याआधी २०१४ पासून काही निवडक अँटिबायोटिक्ससाठी दुकानदारानं वेगळी वही ठेवायची, त्यात डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं, असा नियम आला. नियम चांगलेच आहेत. पण जवळ डॉक्टर नसेल तर लाल रेघ वाचून माणूस जाणार कुठे? तेव्हा मला राग त्या मजुराचा नाही येत. मला राग येतो आपल्यासारख्यांचा. आपल्याला डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, फी परवडते, तरी आपण फोनवर बहिणीला विचारून गोळी घेतो. आणि डॉक्टरांनी "व्हायरल आहे, काही लागणार नाही" असं सांगितलं तर पाहुण्यांत सांगत सुटतो की त्यांना काही समजत नाही!

याच काळात आमचा आटपाडीचा मावसभाऊ अण्णांना भेटायला आला होता. त्याची डाळिंबाची बाग आहे. डबा प्रकरण ऐकून तो हसला. म्हणाला, "ताई, तुमचा डबा काय घेऊन बसलीस! आम्ही तर पंपानं मारत होतो." डाळिंबावर तेल्या येतो, तो जंतूंमुळे होणारा रोग. त्यावर वर्षानुवर्षं शेतकऱ्यांनी स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं. सहा-सहा ग्रॅमच्या पुड्या यायच्या. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. पुन्हा जोडगोळीच! आणि बनवायचं कोण, तर तेच, पिंपरीचं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे ज्यानं एकेकाळी क्षयाची माणसं वाचवली ते औषध. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीतला या दोन औषधांचा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा मसुदा काढला, त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवायचा असं म्हटलं होतं. भाऊ म्हणाला, "बंद करा की. पण बाग गेली तर कर्ज कोण फेडणार, तेवढं सांगा." त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची भीती आणि अण्णांची भीती एकाच जातीची, एवढं मात्र कळलं.

परत येताना कराडला प्रीतिसंगमावर थोडा वेळ थांबलो. कृष्णा-कोयना भरून वाहत होत्या. मनात आलं, ही कृष्णा महाबळेश्वरला निघते, आमच्या साताऱ्याजवळच्या माहुलीवरून येते, इथे कोयनेला घेते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखालून जाते. आपण घेतलेलं ॲमॉक्सिसिलिन निम्म्याहून जास्त तसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. ते औषध पाण्यात फार टिकत नाही म्हणतात. पण आपल्या पोटात जे जंतू त्याला पुरून उरले, ते बाहेर पडतात ते जिवंतच, आणि वाढतात. म्हणजे साताऱ्यातून सांगलीला मी फक्त पेढ्यांबरोबरच काही पाठवत होते असं नाही. असो. जास्त लिहीत नाही, तुम्हीही नळाचं पाणी पिताय.

आता डब्याचं काय झालं ते सांगते. गोळ्या मी फेकल्या नाहीत, संडासातही ओतल्या नाहीत. सगळ्या पिशवीत बांधून हॉस्पिटलच्याच औषधांच्या कचऱ्यात दिल्या. रिकामा डबा परत आला तेव्हा अण्णा त्याच्याकडे बघत बसले. त्यांना काहीतरी द्यायला हवं होतं त्याच्या जागी. मला तो डॉक्टरांचा प्रश्न आठवला, ज्याचं उत्तर आमच्यातल्या कुणाकडेच नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत काय घेतलं? मी दोनशे पानी वही आणून दिली. म्हटलं, "अण्णा, तुम्ही जिल्हा परिषदेचे हेडक्लार्क. घरात कुणाला, कधी, कोणतं औषध, कुणी लिहून दिलं, किती दिवस, कुणाला कशाची ॲलर्जी, हे सगळं तुम्ही लिहायचं. पुन्हा कुणी विचारलं तर वही पुढे करायची."

माणूस खूश! दुसऱ्या दिवशी पट्टीनं रेघा मारून सात रकाने तयार. शेवटचा रकाना 'शेरा'. परवा सांगलीला गेले होते तेव्हा वही चाळली. मेरोपेनेमचे दहा दिवस तारीखवार उतरवलेले, दादाच्या बीपीची गोळी, वहिनीला सल्फाची ॲलर्जी आहे हे लाल शाईत. मला तर आजवर माहीतच नव्हतं! आईच्या नावापुढे एक नोंद होती. 'खोकला, चार दिवस. डॉक्टरांकडे नेले. अँटिबायोटिकची गरज नाही असे सांगितले. काढा घेतला.' आणि शेरा या रकान्यात, हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात, 'बरी आहे'.

पहिलं पान मात्र त्यांनी कोरं ठेवलंय. वरती फक्त एक नाव लिहिलंय. माई. पुढचे सगळे रकाने रिकामे.

तर मंडळी, आणि विशेषतः आमचे सांगली, सातारा, पुणे इथले समस्त काका-मामा-आत्या जे हे वाचून गालातल्या गालात हसतायत, तुमच्याही घरात असा एखादा डबा असणार. फ्रिजच्या दारात असेल, देवघराच्या खणात असेल. आज उघडून बघा. आणि त्यात मी पाठवलेलं काही सापडलं तर कृपा करून घेऊ नका. परत करा. पेढे वेगळे पाठवते.